नोकरी सांभाळून एमबीए: आधी ठरवायचे काय?

अमेरिकेत एमबीएच्या दोन वाटा आहेत. पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागते. अर्धवेळ अभ्यासक्रम संध्याकाळी, शनिवार-रविवारी किंवा ऑनलाइन चालतो. नोकरी चालू राहते, पण पदवी हाती यायला बहुधा तीन वर्षे लागतात. यांतली कोणती वाट धरायची हे विद्यापीठाच्या नावावर ठरवू नये. क्षेत्र बदलायचे आहे की आहे त्याच क्षेत्रात वर चढायचे आहे, हा प्रश्न आधी सोडवावा.

पूर्णवेळ शिक्षणाचे खरे बळ मधल्या उन्हाळ्यात असते. त्या काळातल्या इंटर्नशिपमधूनच सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका बरीचशी भरती करतात. नोकरी करणाऱ्याला दोन-अडीच महिने दुसरीकडे काम करता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर सोडून वित्तक्षेत्रात शिरू पाहणाऱ्याने शुल्क भरून शिवाय दोन वर्षांच्या पगारावर पाणी सोडले, तरी ते पटण्यासारखे आहे.

त्याच क्षेत्रात बढती हवी असेल, तर एवढी किंमत मोजण्याचे कारण उरत नाही. हिशेब, वित्त, विपणन हे मूळ विषय दोन्हीकडे तेच असतात आणि अर्धवेळ शिकताना शिकलेले लगेच कामात वापरून पाहता येते. कंपनी शुल्क देत असेल, तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते. तीन वर्षांत ती १५,७५० डॉलरपर्यंत जाते.

अर्धवेळ किंवा ऑनलाइन पदवी दुय्यम असते, हा समज आता टिकत नाही. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये ऑनलाइन एमबीए सुरू केले आणि २०१९ मध्ये पूर्णवेळ एमबीए बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. आयोवा विद्यापीठाने तसा निर्णय २०१७ मध्येच घेतला होता.

आपल्या गतीने शिकण्याच्या अभ्यासक्रमांत मात्र सावध राहावे. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी सहा महिन्यांचे ठरावीक शुल्क घेते. त्या मुदतीत जितके विषय पुरे होतील तितके करता येतात. झपाट्याने अभ्यास करणाऱ्याला हे स्वस्त पडते, रेंगाळणाऱ्याला महाग. आठवड्याचे तास आधीच राखून ठेवता येत नसतील, तर ठरलेल्या वेळी भरणारे वर्ग बरे. संस्थेची मान्यता तपासणे तर कोणत्याही वाटेवर अनिवार्य आहे; व्यवस्थापन शाळांसाठी एएसीएसबीची मान्यता विशेष वजनदार मानली जाते.

व्हिसाचा विचारही निवडीतच येतो. एच-१बी धारकाला नोकरी करता करता शिकता येते. एच-४ वर आलेल्या जोडीदारालाही अर्धवेळ किंवा पूर्णवेळ शिकण्याची मुभा आहे, पण पदवीनंतर कामाची परवानगी देणारी ओपीटी त्या व्हिसावर मिळत नाही. ती एफ-१ विद्यार्थ्यांसाठी आहे आणि एफ-१ वर पूर्णवेळ शिक्षण बंधनकारक असते. त्यामुळे करिअर नव्याने उभारू पाहणाऱ्या जोडीदाराला एफ-१ घेऊन पूर्णवेळ वाट धरणे अधिक उपयोगी पडू शकते, तर नोकरीत स्थिरावलेल्याला अर्धवेळ पदवीच बहुधा शहाणपणाची ठरते.