सेमिनरीतला तास आणि विहारातला प्रश्न

अमेरिकेत लिंगभाव अभ्यासावर सध्या गदा आली आहे. फ्लोरिडातील न्यू कॉलेज या सरकारी महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी २०२३ मध्ये हा विषय बंद करण्याच्या बाजूने मतदान केले. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी आदेश काढला, की सरकारच्या लेखी स्त्री आणि पुरुष अशी दोनच लिंगे असतील. आणि गंमत अशी, की त्याच देशात काही ख्रिस्ती सेमिनरींमध्ये, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांमध्ये, लैंगिकता आणि धर्म या विषयाचे प्राध्यापक आजही शिकवत आहेत. बर्कलेच्या पॅसिफिक स्कूल ऑफ रिलिजनमध्ये तर समलिंगी व्यक्तींचा धर्माच्या अंगाने अभ्यास करणारे स्वतंत्र केंद्र २००० सालापासून आहे.

हे प्राध्यापक नेमके काय शिकवतात? मुख्यतः ग्रंथ कसा वाचावा हे. समलिंगी माणसांना पापी ठरवण्यासाठी सदोम नगराच्या नाशाची कथा शतकानुशतके वापरली गेली. शिक्षक विद्यार्थ्याला त्याच बायबलातील यहेज्केलचा सोळावा अध्याय उघडायला लावतो. तिथे सदोमचे पाप म्हणून आधी गर्व येतो, खाऊन-पिऊन सुस्तावलेपण येते आणि गरिबाला हात न देणे येते. उद्या चर्चमध्ये उभा राहणारा धर्मगुरू हे वाचून बाहेर पडला, तर त्याच्यासमोर रडत बसलेल्या आईला तो वेगळे उत्तर देतो. अर्थात सगळीकडे असे चित्र नाही. २००९ मध्ये ३६ सेमिनरींची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक ठिकाणी लैंगिकतेवरचा एकही पूर्ण सत्राचा अभ्यासक्रम सक्तीचा नव्हता.

या शिक्षकांपैकी एकाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. होझे कबेझोन हे कधीकाळी तिबेटी परंपरेतील भिक्खू होते. पुढे डेन्व्हरच्या आयलिफ या मेथडिस्ट सेमिनरीत त्यांनी बौद्ध धम्म शिकवला. १९९२ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म, लैंगिकता आणि लिंगभाव यांवरचा ग्रंथ संपादित केला. पुढच्या लेखनात त्यांनी तिसऱ्या शीलाचाच प्रश्न हाती घेतला: कामेसु मिच्छाचार म्हणजे नेमके काय? मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात याचे उत्तर आहे. आईच्या, वडिलांच्या, भावाच्या, बहिणीच्या रक्षणाखाली असलेली स्त्री, विवाहित स्त्री, वाग्दत्त स्त्री, अशी ती यादी आहे. म्हणजे दुसऱ्याचा विश्वास आणि संरक्षण मोडणे हा तिथला दोष. समलिंगी संबंधांचा त्या यादीत उल्लेख नाही. कोणते अंग, कोणती वेळ, कोणती जागा निषिद्ध, अशा लांब याद्या नंतरच्या शास्त्रकारांनी जोडल्या. विनयात पंडकाला उपसंपदा नाकारली आहे हेही खरे. ते लपवून चालणार नाही, पण तो नियम भिक्खुसंघाच्या प्रवेशाचा आहे, उपासकाच्या शीलाचा नाही.

तैवानमध्ये हा अभ्यास वर्गाबाहेर आला. भिक्खुणी चाओ-ह्वेई या स्वतः बौद्ध विद्यालयात शिकवणाऱ्या, नीतिशास्त्राच्या प्राध्यापक. २००१ मध्ये त्यांनी भिक्खुणींवरील आठ गरुधम्मांचा कागद भरसभेत फाडायला लावला. २०१२ मध्ये त्यांनी दोन स्त्रियांचा विवाह बौद्ध पद्धतीने लावला, तैवानचा कायदा बदलण्याच्या सात वर्षे आधी.

आपल्याकडे मात्र लैंगिकतेचा विषय निघाला की विहारातले ज्येष्ठ घसा खाकरतात. हा संकोच बाबासाहेबांकडून आलेला नाही. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाच्या प्रचारामुळे मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजातली त्यांची नोकरी गेली. पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या खासगी लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील झाले, हे त्यांना मान्य नव्हते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरी चारच वर्षांनी, १९३८ मध्ये, बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आलाच.

२०१८ मध्ये ३७७ कलमाचा जाच संपला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. कायद्याने मान्यता नाही म्हणून घरातले प्रश्न थांबत नाहीत. मुलगा लग्नाला नाही म्हणतो, कारण सांगत नाही, आणि आईवडील मंगलपरिणयाची तारीख काढायला बौद्धाचार्यांकडे येतात. त्यात न विचारता एक तिसरी मुलगी भरडली जाते, तिच्याबद्दल तर कोणी बोलतही नाही. बौद्धाचार्यांनी अशा वेळी काय करावे? 'लग्न झाले की ठीक होईल' हे उत्तर धम्माचे नाही, शेजारपाजारचे आहे.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. बौद्धाचार्य प्रशिक्षणात पूजाविधी आणि संस्कारविधी शिकवताना तिसऱ्या शीलाला दोन तास द्यावेत, आणि ते तास पाली जाणणाऱ्या व समुपदेशनाची माहिती असलेल्या व्यक्तीने, शक्यतो जोडीला एका उपासिकेने, घ्यावेत. विद्यापीठांच्या पाली विभागांतील प्राध्यापकांनी यात पुढाकार घ्यावा. येत्या वर्षावासातील प्रवचनमालेत एक रविवार सालेय्यक सुत्तासाठी ठेवला, तरी सुरुवात होईल.