रिकामी बाटली बाईच्या माथी

आमच्या वाशीम जिल्ह्यात कीटकनाशकाला सगळे ‘औषध’च म्हणतात. सोयाबीन, तूर, कपाशीवर फवारणी झाली की रिकाम्या बाटल्या घरी येतात. कुणी धुऊन त्यात बियाणं भरतं, कुणी तेल. उरलेलं औषध धान्याच्या कोठीमागे सरकवलं जातं. मग मेळाव्यात साहेब बायांना बजावतात, घरात असले डबे वापरू नका! बोलणं खरं आहे. पण बाटली बनवली कंपनीनं, विकली कृषी केंद्रानं, आणली नवऱ्यानं. उपदेश मात्र बाईला.

मानोरा तालुक्यातल्या बचत गटाच्या बैठकीत मी हेच सांगत होते, तेव्हा एका बाईनं विचारलं, “मंग टाकू कुठी, ताई? नाल्यात फेकली त ढोरं पानी पेतात, जाळली त डोये झोंबतात.” याचं उत्तर कुठल्या पत्रकात आहे?

कायद्यात मात्र आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला ४४ वा नियम सांगतो की, रिकामी वेष्टनं, उरलेला माल आणि धुतलेलं पाणी यांची सुरक्षित विल्हेवाट लावणं हे उत्पादकांचं आणि फवारणीचं काम करणाऱ्यांचं कर्तव्य आहे. पुन्हा वापर होऊ नये म्हणून वेष्टनं उघड्यावर टाकायची नाहीत, फोडून वस्तीपासून दूर पुरायची. यादीत पहिला उत्पादक आहे. घर सांभाळणाऱ्या बाईचा त्यात उल्लेखही नाही. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरमागे एक जमा केंद्र सांगितलं, तेही शहरांसाठी. विष शेतात आणि केंद्र शहरात!

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणानं २३ मुलं गेली. तपासात तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. २०१६ साली मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. त्या निकालावर मला वाद घालायचा नाही. पण एवढं जहाल विष गरिबाला धुऊन ठेवावंसं वाटेल अशा भक्कम डब्यात विकायचं आणि डबा परत घ्यायचा नाही, या धंद्याला जाब कोण विचारणार? शेजारच्या यवतमाळात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा चर्चा झाली मास्क आणि हातमोज्यांची. औषधानं भिजलेले ते कपडे घरी कोण धुतं, हे कुणी विचारलं नाही.

आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात की हा शेतीचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नाही. चूल, पाणी, धुणं आणि लेकरं बाईकडे असताना घरात आलेलं विष तिचा प्रश्न कसा नाही? आपणही ‘घर सुरक्षित ठेवा’ची पत्रकं वाटत राहिलो, तर साहेबांत आणि आपल्यात फरक काय?

बाटली घरी येताच कामा नये. फवारणाऱ्यानं ती शेतातच तीनदा विसळावी, ते पाणी पंपात ओतावं आणि बाटलीला भोक पाडावं. तिथून पुढे ती कृषी केंद्रानं परत घ्यावी. सोड्याच्या बाटलीवर अनामत चालत होती, मग विषाच्या बाटलीवर का नको? येत्या ग्रामसभेत महिलांनी हा ठराव मांडावा: अनामत घ्या, बाटली परत घ्या, उरलेलं औषधही परत घ्या, आणि खर्च कंपनीकडून वसूल करा. ठरावाची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच मागून घ्या.