नमुना आठ हा मालकीचा पुरावा नव्हे

परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंह मंदिरामुळे मराठवाड्यात सर्वदूर परिचित आहे. जिल्ह्याचे ठिकाण हाकेच्या अंतरावर, रेल्वेची सोय आणि देवस्थानामुळे भाविकांची कायमची वर्दळ. अशा गावांतील घरांकडे आणि मोकळ्या जागांकडे आता शहरात स्थिरावलेल्यांचेही लक्ष वळू लागले आहे. कोणाला वडिलोपार्जित वाडा पुन्हा उभा करायचा असतो, कोणाला निवृत्तीनंतर राहण्यासाठी चार खोल्या हव्या असतात. मात्र शहरात सदनिका घेताना वकिलाचा सल्ला घेणारा माणूस गावात घर घेताना ग्रामपंचायतीचा एक उतारा पाहून निश्चिंत होतो. हा उतारा म्हणजे ‘नमुना आठ’ आणि बहुतेक वादांचे मूळ त्यातच असते.

नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची, हे तीवरून कळते. घर कोणाच्या मालकीचे, हे नव्हे. महसुली वा करविषयक नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपुष्टातही येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. तरीही ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या हाच उतारा मालकीचा दाखला मानला गेला. याचे कारण इतिहासात आहे. महसुलाची मोजणी झाली ती शेतजमिनीची. गावठाणाला शेतसारा नव्हता. त्यामुळे नकाशावर ते बहुधा एकच अखंड क्षेत्र म्हणून दाखवले गेले. शेताला सातबारा मिळाला, घराला मात्र तशी नोंद मिळाली नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर केली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनद्वारे गावठाणाची मोजणी करायची, प्रत्येक मिळकतीचा नकाशा तयार करायचा आणि धारकाला मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड द्यायचे, असे तिचे स्वरूप. महाराष्ट्रात हे काम भूमी अभिलेख विभागाकडे आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात एकाच वेळी ६५ लाखांहून अधिक पत्रिकांचे वितरण झाले. त्यांत महाराष्ट्रातील गावेही होती.

योजना स्वागतार्ह आहेच. परंतु ड्रोन भिंती मोजतो, हक्क मोजत नाही. पत्रिकेवर कोणाचे नाव लागायचे, हे चौकशीत ठरते. त्या वेळी जो घरात राहतो, ज्याच्याकडे कागद असतात, त्याचेच म्हणणे प्रथम नोंदले जाते. पुण्यात वा छत्रपती संभाजीनगरात नोकरी करणारा धाकटा भाऊ, सासरी गेलेली बहीण यांना गावात चौकशी झाल्याचे पुष्कळदा कळतही नाही. उद्या घराची विक्री निघाली, की हेच वगळलेले वारस न्यायालयात उभे राहतात आणि त्याचा फटका बसतो तो खरेदीदाराला.

मुलींच्या हक्काबाबत तर आता संदिग्धता उरलेली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्यात दुरुस्ती करून हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना सहदायाद मानले. मात्र तोवर विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने मुलीचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे व त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री यांनाच संरक्षण आहे. म्हणून वडिलोपार्जित घर एकट्या भावाकडून घेणे म्हणजे बहिणींचा दावा सोबत घेणे होय. बहिणींना हक्क सोडायचाच असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे. साध्या कागदावरील संमती पुरेशी ठरत नाही.

हाच न्याय खरेदीलाही लागू आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ पासून सांगतो. तरीही बाँडपेपरवर मजकूर लिहून, नोटरीचा शिक्का घेऊन, ताबा देऊन मोकळे होण्याची प्रथा गावोगाव आहे. मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात बजावले. इसारपावती हे केवळ वचन असते, ते खरेदीखत नव्हे. शिवाय २०१५ पासून स्थावर व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास विक्रेत्यावर तेवढ्याच दंडाची टांगती तलवार असते.

गावठाणाबाहेरच्या जागेत धोका आणखी वाढतो. शेतकरी नसलेल्याला राज्यात शेतजमीन सहजासहजी खरेदी करता येत नाही. त्यातच मराठवाड्याला निजाम राजवटीचा वारसा आहे. हैदराबादचा १९५० चा कुळवहिवाट कायदा आणि इनाम जमिनींविषयीचा १९५४ चा कायदा यांचे परिणाम येथील सातबाऱ्यावर आजही दिसतात. देवस्थानाच्या गावात जागा घेताना ती सेवा-इनामाची, खिदमतमाश वा मदतमाश तर नाही ना, हे जुन्या फेरफारांसह तपासणे आवश्यक ठरते. मंजूर रेखांकन नसलेल्या शेतातील गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा स्वस्त मिळतो. पण तो स्वस्त का, हा प्रश्न व्यवहारापूर्वी विचारायचा असतो.

कागद अपुरा असल्याची किंमत शेवटी पैशांतच मोजावी लागते. मालकीची साखळी सिद्ध होत नसेल, तर बँक गृहकर्जाला हात लावत नाही आणि खरेदीदार चढ्या व्याजाच्या कर्जाकडे वळतो. उदाहरणादाखल, १५ लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १३ हजार ५०० रुपये होतो. दर १४ टक्के असेल तर तोच सुमारे १८ हजार ६५० रुपयांवर जातो. वीस वर्षांत हा फरक १२ लाखांपलीकडे पोहोचतो. कागद भक्कम असला तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात कमाल ९० टक्केच रक्कम मिळते. दहा लाखांहून महाग घराच्या किमतीत मुद्रांक व नोंदणी शुल्क धरले जात नाही. तो खर्च पदरचाच.

तेव्हा क्रम स्पष्ट असावा. प्रथम विक्रेत्याकडे मालकी कशी आली ते पाहावे. मग वारसांची संपूर्ण यादी करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. दुय्यम निबंधक कार्यालयात किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा, मिळकत पत्रिका व प्रत्यक्ष मोजमाप ताडून पाहावे, जाहीर नोटीस द्यावी आणि नंतरच खरेदीखत नोंदवावे. त्यानंतर मिळकत पत्रिकेवर व नमुना आठवर नाव लावून घेण्यास विलंब करू नये.

ज्यांना गावात काही विकत घ्यायचे नाही, त्यांच्यासाठीही हा विषय दूरचा नाही. वडिलोपार्जित घराची पत्रिका निघाली का, तीवर कोणाची नावे आहेत, हे शहरातील प्रत्येक वारसाने आजच विचारून घ्यावे. हरकत घेण्याची संधी मुदतीतच असते. ती हुकली, की उरतो तो दिवाणी दावा आणि त्याच्या तारखा घरातील पुढच्या पिढीला वारशात मिळतात.