परकोट दिसतो का?

कौंडण्यपूरला रुक्मिणीचं माहेर बघायला आपण हौसेनं जातो. अमरावतीचा परकोट मात्र अंबागेटला ऑटोतून उतरूनही दिसत नाही! पेंढाऱ्यांपासून पेठ वाचवायला निजामाच्या राजवटीत १८०७ साली तो बांधायला घेतला. घेर सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट. भिंतीला चिकटलेला शत्रू वरून दिसत नाही. पुढे काढलेल्या बुरुजावरून तो बाजूनं टिपता येतो. केवढं साधं डोकं!

पण सांध्यात पिंपळ रुजला की मुळं दगड हलवतात. म्हणून सिव्हिलवाल्यांनो, सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी कॉलेजचंच मैदान कशाला? एकेक बुरूज मोजा, नकाशा काढून ठेवा. उद्या दगड निखळला, तर तो कुठं बसवायचा हे तरी कळेल.