प्रश्न कोणी विचारला?

वृत्तपत्र हा लोकमताचा आरसा आहे, असे संपादक मंडळी मोठ्या विनयाने सांगतात. हा विनय खोटा आहे. उत्तर साक्षीदाराचे असले, तरी प्रश्न ज्याच्या हाती त्याने निम्मा खटला जिंकलेला असतो, हे कोणताही वकील जाणतो. म्हणूनच सरतपासात सूचक प्रश्नावर प्रतिपक्षाला हरकत घेता येते. वृत्तपत्राला तसे बंधन नाही, आणि असूही नये. पोर्तुगीज अमदानीतील सेन्सॉर ज्या भूमीने सोसला, तिला हे सांगावयास नको. परंतु मग हरकत घेण्याचे काम वाचकाकडे येते, आणि ते आपण करीत नाही.

१९६७ सालचा गोव्याचा जनमतकौल पाहा. विलीनीकरणाच्या बाजूने पणजीचे ‘गोमन्तक’, विरुद्ध बाजूने मडगावचे ‘राष्ट्रमत’. दोन्ही दैनिके मराठी. कोंकणीचा कैवार घेणारे उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदरही मराठीतूनच सुटत असे! १६ जानेवारीस मतदान झाले. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ व बाजूने १,३८,१७० मते पडली. कोणत्या पत्राने बाजी मारली, हा वाद अजून रंगतो. माझ्या मते दोघांनीही. फूल की दोन पाने, याखेरीज आणखी काही विचारण्याजोगे आहे, हेच वाचकाला वाटेनासे झाले. मतपत्रिका संसदेच्या कायद्याने ठरली हे खरे. पण ‘मराठी की कोंकणी’ एवढाच प्रश्न मानण्याची सवय रोज सकाळी दारात पडणाऱ्या अंकाने लावली. ज्याच्या देवळात कीर्तन मराठीत आणि माजघरात संसार कोंकणीत, त्याने आपला अर्धा जीव कोणत्या चिन्हाखाली ठेवावयाचा होता? घटक राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते राज्य ३० मे १९८७ रोजी आले.

कोणी म्हणेल, राजकारण राहू द्या, आम्ही देवळाची माणसे. बरे, देवळाचेच घ्या. जत्रेची बातमी, पालखीचे छायाचित्र, नव्या समितीचे अभिनंदन, हे सारे स्थानिक पानावर भरभरून येते. गोव्यातील महाजनकीचा कारभार अद्याप १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमनाच्या आधारे चालतो. महाजन कोण आणि नुसता भाविक कोण, घरच्या लेकीसुनांना त्या कारभारात जागा कोणती, असा मथळा मी क्वचितच पाहिला आहे. आपणही तो मागितलेला नाही. पालखीच्या छायाचित्रात आपला चेहरा दिसला की त्या दिवशीचा अंक आपण कपाटात जपून ठेवतो.