थेंबाचा धंदा

आपल्या भागात घरात कन्नड बोलणारा ज्याला ‘हनि नीरावरी’ म्हणतो आणि मराठी बोलणारा ‘ठिबक’, त्याला तिगावात ‘टपक’ म्हणतात. माझी आक्का लग्न होऊन तिगावला गेली. नागपूरच्या ओळखीतून स्थळ आले होते, आणि आईने तेव्हा नकाशा काढून गाव शोधले होते. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेवर पांढुर्णा लागते, त्याच्या पुढे तिगाव, आणि तिथून गाडी चिचोंड्याचा घाट चढते. पूर्वी हा छिंदवाडा जिल्हा होता. 2023 पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदी, घरची बोली मराठी. आपल्याकडे घरात एक आणि कचेरीत एक अशी भाषा बोलणाऱ्यांना तिथे परके वाटत नाही.

हा सगळा संत्र्याचा मुलूख आहे. नागपुरी संत्रा म्हणून जे फळ आपण घेतो, त्यातले बरेच या बाजूचे असते. दाजींची बाग आहे. संत्र्याचे झाड पाण्याच्या बाबतीत फार मानी. बहार धरायचा तर त्याला आधी तहानलेले ठेवावे लागते, म्हणजे ‘ताण’ द्यावा लागतो. नंतर मात्र पाणी वेळेवर आणि मोजून हवे. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ वाढायचे ते ऐन उन्हाळ्यात, विहिरीने तळ गाठलेला असतो तेव्हा. बरे, पाट सोडून भरपूर पाणी द्यावे तर ते खोडाशी साचते आणि फायटोप्थोरा बुरशीने डिंक्या धरतो. म्हणून जुने बागाईतदार खोडाभोवती दोन आळी करतात. आतले कोरडे राहते, पाणी बाहेरच्या आळ्यात फिरते. दाजी म्हणतात, “मास्तर, पानी झाडाले नाही लागत, मुळाले लागते.” एवढे वाक्य ज्याला कळले त्याला ठिबक कळले.

आता मुद्द्यावर येतो. मी अर्थशास्त्राचा माणूस. बी.कॉम.च्या वर्गात ‘पर्यावरण आणि व्यवसाय’ हा भाग आला की मुले कंटाळतात, आणि त्यांचे चुकत नाही. 5 जूनला कारखान्याच्या फाटकाजवळ साहेब रोप लावतात, फोटो छापून येतो, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल ‘सेबी’ला द्यावा लागतो. हे चांगलेच आहे. पण अहवाल लिहिणारा विभाग वेगळा आणि माल बनवणारा विभाग वेगळा, असे असेल तर मालात काही बदलत नाही. मालात बदल व्हायचा तर वरच्या माणसाला त्याची ओढ लागावी लागते.

जळगावच्या भवरलाल जैन यांचे उदाहरण मी वर्गात देतो. वाकोद या गावात 1937 साली जन्म. वकिलीचे शिक्षण झाले, सरकारी नोकरी मिळत होती ती घेतली नाही. 1963 मध्ये घरातले सात हजार रुपये घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली, तेही हातगाडीवर. 1978 साली केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. मग पीव्हीसी पाइप, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक.

ठिबक त्यांनी शोधलेले नव्हे. इस्रायलात सिम्चा ब्लास यांच्या कल्पनेवर 1965 मध्ये नेटाफिम ही कंपनी उभी राहिली होती. आपल्याकडेही नळ्या विकणारे होते. अडचण नळीत नव्हती. ड्रिपरच्या आत नागमोडी वाट असते, तिच्यामुळे पाण्याचा दाब मोडतो आणि विहिरीजवळच्या व शेवटच्या झाडाला जवळजवळ सारखे थेंब मिळतात. पण त्याच अरुंद वाटेत वाळू, शेवाळ आणि क्षार अडकतात. फिल्टर धुतला नाही, आम्ल सोडले नाही, की दोन हंगामांत नळी आंधळी होते आणि शेतकरी ती गुंडाळून गोठ्याच्या आढ्यावर टाकतो. नुसता माल विकून मोकळा होणारा व्यापारी इथेच हरतो.

जैनांनी काय केले, तर जळगावजवळच्या उजाड टेकड्या घेऊन तिथे बांध-बंधारे घातले, बागा उभ्या केल्या आणि शेतकऱ्याला आणून दाखवले. शेतीचे पदवीधर नेमले, ते बांधावर जाऊ लागले. केळीला नुसते ठिबक देऊन भागत नाही म्हणून ऊतिसंवर्धित रोपे काढली. पिकेल ते विकायचे कुठे म्हणून कांदा सुकवण्याचा आणि आंब्याच्या गराचा कारखाना घातला, आणि त्यातून उरलेल्या साली-कोयींपासून गॅस व वीज. एका नळीच्या मागे एवढा संसार. हिशेबनीस दर तिमाहीला विचारतो, “यातून काय आले?” त्या प्रश्नाला काही वर्षे थोपवून धरणे हे मालकाचे खरे काम. खालचा अभियंता कितीही हुशार असो, ती मुभा तो स्वतःला देऊ शकत नाही.

मी हे देवमाणसाचे चरित्र म्हणून सांगत नाही. याच कंपनीने नव्वदच्या दशकात वित्त, संगणक अशा अनोळखी धंद्यांत हात घातला आणि पोळून घेतले, तशी कबुली भवरलालजींनी उघडपणे दिली होती. 2016 मध्ये ते गेले. पुढे 2019 च्या सुमारास कर्जाचे हप्ते थकले. 2022 मध्ये बँकांशी कर्जफेडीचा नवा मेळ बसला, आणि परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करावा लागला. परदेशातल्या खरेद्यांचे ओझे होतेच. शिवाय ठिबकला सरकारी अनुदान असते, म्हणजे माल आज शेतात जातो आणि पैसे सरकारकडून कधीतरी येतात. आपल्याकडे ऊस घालून बिलाची वाट पाहणाऱ्याला हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

ऊस म्हटल्यावर आपल्या बेळगाव जिल्ह्यातले मुनोळी आठवते. 1998 मध्ये विद्याताई मुरकुंबी आणि त्यांचे चिरंजीव नरेंद्र यांनी तिथे रेणुका शुगर्स सुरू केली. शेतकऱ्यांना भागधारक केले, चिपाडावर वीज आणि मळीवर इथेनॉल ही जोड पहिल्यापासून धरली. पुढे 2010 च्या सुमारास ब्राझीलमधले कारखाने घेतले, कर्ज वाढले आणि 2018 मध्ये सूत्रे विल्मारकडे गेली. वीज आणि इथेनॉल मात्र राहिले. आज इथेनॉलशिवाय साखर कारखान्याचा हिशेब कोणी मांडत नाही. जळगावातही तसेच. कंपनीचे दिवस फिरले, पण ठिबक आता कुणा एकाचे राहिले नाही. तिगावच्या बाजारात तीन-चार कंपन्यांच्या नळ्या मिळतात.

ठिबकने पाणी वाचते यात शंका नाही. पाटाच्या मानाने निम्म्याच्या आसपास वाचते असे मानतात. पण वाचलेल्या पाण्याचे काय होते? आक्काच्या शेजारच्या वावरात पाहिले तर त्या पाण्यावर आणखी संत्रा लागला, आणि बोअर पहिल्यापेक्षा खोल गेला. विहीर होती तिथेच आहे. म्हणजे झाडागणिक पाणी कमी लागते, गावाला जास्त. अर्थशास्त्रात ही गोष्ट दीडशे वर्षे माहीत आहे. विल्यम जेव्हन्स यांनी 1865 मध्ये इंग्लंडच्या कोळशाबाबत हेच लिहिले होते. इंजिन काटकसरी झाले तसा कोळसा जास्त खपू लागला. कंपनीचा प्रमुख कितीही द्रष्टा असला तरी त्याचा धंदा नळी विकण्याचा आहे, भूजल मोजण्याचा नव्हे. ते गावाने किंवा सरकारने करायचे.

दुसरी गोष्ट मात्र कंपन्यांच्या पदरात टाकायला हरकत नाही. नळी प्लॅस्टिकची असते. ऊन, उंदीर आणि कुदळ यांच्यापुढे ती काही वर्षे टिकते, मग फाटते. दाजींच्या बागेतल्या जुन्या लॅटरलचे वेटोळे बांधावर पडून आहे. भंगारवाला वजनावर घेतो, पण चिखल लागलेली म्हणून भाव पाडतो, मग कोणी कोणी काडी लावतात. तो धूर आपल्या उसाच्या पाचटाच्या धुरापेक्षा वाईट. प्लॅस्टिक परत घेण्याची उत्पादकावरची जबाबदारी 2022 च्या नियमांनी ठरवली, ती वेष्टनाच्या प्लॅस्टिकपुरती. शेतातली नळी त्यात बसत नाही. ज्यांचे वितरक तालुक्या-तालुक्यांत आहेत, ज्यांची गाडी नवी नळी घेऊन बांधापर्यंत येते, त्यांनी परतीच्या फेरीत जुनी नेली तर किती खर्च येईल? नव्या नळीच्या बिलात जुनीचे पैसे वजा मिळाले तर एकही शेतकरी काडी लावणार नाही. दाजींना मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, “पयले कोन सुरू करते, ते पाहा.”