परळची खिजां

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. आठवीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता आणि धड्यात 'खिजां' हा शब्द आला. मराठीत याला काय म्हणाल, असं आम्ही विचारलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने झटकन उत्तर दिलं, "शरद ऋतू." शाबास म्हणून आम्ही पुढे जाणार, तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "खिजांमध्ये पानं गळतात ना? मग आपल्याकडे कुठे गळतायत?" आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस नुकताच परतला होता. मैदानाच्या कडेची झाडं हिरवीगार होती. गळणं राहिलं बाजूला, पिवळं पानसुद्धा शोधावं लागलं असतं.

इतकी वर्षं आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो आणि हा साधा घोटाळा आमच्या कधी लक्षात आला नव्हता. उर्दू शायरीतली खिजां इराण-काश्मीरच्या हवेतून आलेली. तिकडे सप्टेंबर सरला की गारठा सुरू होतो, चिनार लाल होतो, बागा उजाड होतात. म्हणून खिजां म्हणजे उदासी, विरह, उतारवय. मराठीतला शरद मात्र आनंदाचा. आश्विन-कार्तिक, धुतलेलं आकाश, कोजागिरीचं चांदणं, भाताची कापणी. कॅलेंडरवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसतात, पण एकमेकांकडे पाठ करून. आपली पानगळ येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. तोवर उर्दूतली बहार उंबरठ्याशी आलेली असते!

"उद्या सांगतो," असं त्या मुलाला म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि शाळा सुटल्यावर परळला मामूंकडे गेलो. मुंबईतलं झाड कोणत्या तारखेला काय करतं, हे लिहून ठेवणारा आमच्या ओळखीत तो एकच माणूस.

मामू मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी परळच्या एका गिरणीत, रंगखात्यात. काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाइकाने पाठवलेली कापडाची पट्टी आणि रंगवून आलेलं कापड शेजारी धरायचं आणि सांगायचं, लाल थोडा जास्त झालाय, निळा कमी पडलाय. बल्बखाली किंवा दुपारच्या पिवळ्या उन्हात शेड पाहायची नाही, उत्तरेकडच्या उजेडात पाहायची, हे ते आजही कुणी साडी दाखवायला आणली की सांगतात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते पंचविशीत होते. सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि परत आत गेले नाहीत. पुढची सारी वर्षं दादरला कपड्याच्या दुकानात काढली. तिथेही बायका रंग जुळवायला त्यांच्याकडेच यायच्या.

दुकान सुटल्यावर, 2019 मध्ये, घर आवरताना त्यांना मुलीचं बारावीचं जीवशास्त्राचं कोरं जर्नल सापडलं. एक पान कोरं, एक पान रेघांचं. टाकून द्यायचं जिवावर आलं. नातीची बारा वड्यांची रंगपेटी घेतली, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पाणी घेतलं आणि गॅलरीसमोरचं देशी बदामाचं झाड काढलं. ते पहिलं चित्र आम्ही पाहिलंय. झाड कमी आणि छत्री जास्त वाटते. जर्नलचा कागद जलरंगासाठी नसतोच, पाणी लागलं की पापडासारखा वाकतो. आम्ही त्यांना जाड कागदाची वही नेऊन दिली, तर ती त्यांनी नातीला दिली. "रेघांचं पान कुठंय त्यात? लिहू कुठे?"

लिहायची सवय मात्र आम्ही लावली, हे श्रेय आम्ही सोडणार नाही. सुरुवातीला नुसतीच चित्रं होती. आम्ही त्यांना तय्यबजी घराण्याच्या वह्यांबद्दल सांगितलं. मुंबईच्या या नामांकित मुस्लिम कुटुंबात 'अखबार की किताब' म्हणून वह्या असत. घरात वही उघडी असायची आणि पुरुष, बायका, मुलं, ज्याला जे वाटेल ते त्यात लिहायचं. कोण आलं, कोण गेलं, हवा कशी होती. पुढे पक्षीतज्ज्ञ म्हणून जगभर नाव झालेले सालिम अली याच घराण्याचे भाचे. 1896 चा जन्म, आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना गिरगावात खेतवाडीला वाढवलं. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे नोंदवही. 1930 मध्ये नोकरी नव्हती तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि रोज सुगरणीची घरटी पाहून लिहीत बसले. सुगरणीच्या संसाराची जी खरी माहिती जगाला मिळाली, ती त्या लिहिण्यातून. हे ऐकून मामू म्हणाले, "म्हणजे त्यांचंही मामांनीच केलं." आणि दुसऱ्या दिवसापासून रेघांच्या पानावर लिहायला लागले.

पानाच्या डोक्याला दोन तारखा, इंग्रजी आणि हिजरी. त्यातून एक गंमत आपोआप दिसते. 2020 मध्ये जानेवारीच्या शेवटी बदाम लाल झाला तेव्हा जमादिउल आखिर लागत होता. यंदा तोच बदाम शाबानमध्ये लाल झाला. चंद्राचं वर्ष पुढे सरकत राहतं, झाड सूर्याला धरून असतं.

मामूंनी झाडांपलीकडे काही काढलेलं नाही. फांदीवर कावळा बसला तरी तो उडेपर्यंत थांबतात. मशिदीतल्या कुणी एकदा तसवीरीवरून टोकलं, तेव्हा त्यांनी हजरत इब्न अब्बास यांच्या सल्ल्याची आठवण दिली, की काढायचंच असेल तर झाड काढ, ज्यात रूह नाही ते काढ. टोकणारे गृहस्थ आता विचारतात, बदाम कधी लाल होणार.

तर त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी आम्ही मुलाचा प्रश्न मामूंपुढे ठेवला. ते उठले आणि पेटीतून सगळी जर्नलं काढून चटईवर मांडली. 2019 पासूनची. प्रत्येक वर्षाचा ऑक्टोबर उघडला. "हे बघ. पाऊस गेला की झाड कामाला लागतं, झोपायला नाही." त्यांच्या नोंदींत ऑक्टोबर म्हणजे दादरच्या रस्त्यावर संध्याकाळी येणारा सप्तपर्णीचा वास (त्यांना या वासाने डोकं चढतं, तसं स्वच्छ लिहिलंय), राणीच्या बागेतला गोरखचिंचेचा जाडजूड बुंधा, आणि एक कामाची गोष्ट: "आज वॉश दहा मिनिटांत सुकला. जुलैत तासभर लागायचा." पावसाळ्यात जलरंग करणाऱ्याचा जीव हवेतल्या ओलीने जातो, रंग सुकता सुकत नाहीत आणि एकात एक उतरतात. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळी मुंबई शिव्या घालते, मामू एकटे त्याची वाट पाहतात.

मग जानेवारी-फेब्रुवारीची पानं. तिथे खरी खिजां होती. बदामाचं पान एकदम लाल होत नाही. आधी हिरवा उतरतो, मागचा पिवळा उघडा पडतो, मग लाल नव्याने तयार होतो, शिरांच्या मधून पसरत. एकाच पानावर तिन्ही रंग. मामूंनी क्रिमझन, बर्न्ट सिएन्ना आणि येलो ऑकर यांचे ठिपके शेजारी लावून गिरणीतल्यासारखे शेडचे नंबर दिले होते. "त्या पोराला सांग, मुंबईत खिजां आहे, पण शरदात नाही. आणि ती महिनाभरसुद्धा टिकत नाही. जुनं पान खाली पडतंय तोवर वर कोंब आलेला असतो."

आमचं उत्तर मिळालं होतं. चहा येत होता. नात चटईवर पालथी पडून पानं पाहत होती. ती म्हणाली, "नाना, आता तुम्ही आकाश पिवळं का काढता?"

मामू हसले. "उन्हं होती गं."

"नाही, सकाळ लिहिलंय."

आम्ही वाकून पाहिलं. सात ऑक्टोबर ओळीने मांडलेले होते म्हणूनच दिसलं, नाहीतर कधी दिसलं नसतं. 2019 चं आकाश स्वच्छ निळं. 2021 चं जरा मळकट. 2023 चं राखाडी. आणि गेल्या आठवड्यातलं सरळ मेंदीच्या पाण्यासारखं. समोरच्या रेघांच्या पानावर मात्र मामूंच्या अक्षरात लिहिलेलं: आकाश स्वच्छ, निळं. आम्ही रंगपेटी उघडली. पिवळ्या आणि तपकिरी वड्यांना तळ दिसेपर्यंत खड्डे पडलेले, निळी जवळजवळ नवी.

"मामू, डोळे दाखवले होते का एवढ्यात?"

एवढं विचारायची खोटी, मामू असे भडकले की मुमानी आतून धावत आल्या. "चाळीस-पंचेचाळीस वर्षं शेड जुळवली या डोळ्यांनी! एक थान परत आलं नाही माझं!" त्यांनी जर्नलं गोळा केली, पेटीत टाकली, वर कुलूप. आम्ही चहा न घेताच निघालो. खरं सांगायचं तर आम्हाला त्यांचा राग कळत होता. दुसऱ्या कुणाला नजर कमी झाली म्हटलं तर ती म्हातारपणाची गोष्ट. मामूंना म्हटलं, तर ती त्यांच्या साऱ्या आयुष्याच्या कामावर शंका.

दहा-बारा दिवसांनी मुमानींचा फोन आला. मामू घरातली निळी आणि राखाडी कापडं काढून उत्तरेच्या खिडकीपाशी नेतात आणि कुणाला न विचारता परत ठेवतात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल, दाखवून येऊ.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी जे समजावलं ते सगळ्या घरांनी ऐकण्यासारखं आहे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होत जातं आणि निळा उजेड आत येऊ देत नाही. माणसाला ते कळत नाही, कारण हे वर्षानुवर्षं थोडं थोडं होतं आणि मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. 'डोळ्यांना अंधुक दिसतं' अशी तक्रार होण्याच्या आधी रंग गेलेले असू शकतात. फ्रान्सचा मोठा चित्रकार मोने याचंही हेच झालं होतं. चित्रं लालसर-तपकिरी होत गेली, आणि शेवटी 1923 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी त्याने एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मामूंना हे सांगितल्यावर जरा बरं वाटलं. "त्यालाही कुणी नातीनेच सांगितलं का?"

मुमानींची शंका होती की मोतीबिंदू अजून 'पिकला' नसेल. डॉक्टर म्हणाले, पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले. जास्त थांबलं तर भिंग कडक होतं आणि काम अवघड होतं. डिसेंबरात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. अर्ध्या तासात माणूस बाहेर. पुढचे काही दिवस पाणी डोळ्यात जायला नको म्हणून वुजूच्या वेळी मुमानी शेजारी उभ्या, दर वेळी दोघांची तकरार.

पट्टी काढली त्या दिवशी मामू गॅलरीत गेले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "समोरच्या बिल्डिंगला रंग कधी दिला?" दिलाच नव्हता. ती चार वर्षांपासून तशीच निळी आहे.

जानेवारीत आम्ही त्या आठवीतल्या मुलाला आणि आणखी तिघांना, घरच्यांची परवानगी घेऊन, परळला नेलं. बदाम लाल झाला होता, खाली कचरापेटीपर्यंत पानांचा सडा. पोरांनी पानं गोळा केली. मामूंनी सगळ्यात चांगलं निवडून उत्तरेच्या उजेडात धरलं आणि जुनी जर्नलं पोरांपुढे टाकली. पिवळी आकाशं त्यांनी खोडलेली नाहीत. आम्ही विचारलं, तर म्हणाले, "नोंद आहे ती. नोंदीत खाडाखोड नसते."

डाव्या डोळ्याचं ईदनंतर ठरलंय, रोजे सुटायला नकोत म्हणून. तोवर मामूंनी नवा उद्योग काढलाय. बदामाचं एकच पान समोर ठेवायचं. डावा डोळा झाकून एकदा काढायचं, मग उजवा झाकून पुन्हा. जर्नलच्या कोऱ्या पानावर दोन पानं शेजारी शेजारी, वर एकच तारीख. एक लालभडक, मागे निळी सावली. दुसरं वाळल्या तंबाखूसारखं. खाली शेडचा नंबर लिहायची जागा त्यांनी सोडून ठेवलीय. कोणत्या डोळ्याचा लिहायचा, ते नातीला विचारणार आहेत.